शस्त्रे की वाटाघाटी? कामगारांची कसोटी
(अभ्यास शिबिरातील भाषण)

साथींनो,

आजच्या विषयावर कामगार चळवळीत दोन मते आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. एक मत असे की, युद्धात मरतो तो कामगार-शेतकऱ्याचा मुलगा आणि नफा होतो तो शस्त्रांच्या कारखानदाराचा. तेव्हा शस्त्रपुरवठा थांबवा, वाटाघाटी करा. दुसरे मत असे की, घरात शिरलेल्या दरोडेखोराशी घरवाल्याने रिकाम्या हाताने बोलणी करावीत, हा कुठला न्याय?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चौफेर आक्रमण केले. त्यानंतर दोन देशांतल्या रेल्वे कामगारांनी काय केले ते पाहा. ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीच्या इंजिनचालकांनी पूर्व युरोपकडे जाणारे अमेरिकी रणगाडे नेण्यास नकार दिला. बेलारूसमध्ये रेल्वे कामगारांनी व त्यांच्या साथीदारांनी सिग्नल यंत्रणा जाळून रशियन सैन्याची वाहतूक अडवली. त्यांपैकी काहींना २० वर्षांहून अधिक कैद झाली. दोघेही युद्धाच्या विरोधातच उभे राहिले. ग्रीक साथींचा नाटोवरील अविश्वास मला समजतो. पण आक्रमकाची गाडी अडवणे आणि प्रतिकार करणाऱ्याच्या बाजूला जाणारी मदत अडवणे, यांचे वजन सारखे नाही.

हा धडा जुना आहे. १९३६ साली स्पेनच्या प्रजासत्ताकावर फ्रँकोने बंड लादले, तेव्हा युरोपीय देशांनी 'हस्तक्षेप न करण्याचा' करार केला. जर्मनी आणि इटलीने त्यावर सह्या केल्या आणि फ्रँकोला विमाने व सैन्यही पुरवले. ब्रिटनच्या टीयूसीने सुरुवातीला त्या धोरणाला पाठिंबा दिला आणि १९३७ साली भूमिका बदलली. तोवर बहुमोल वेळ गेला होता. शस्त्रे रोखल्यामुळे शांतता आली का? १९३९ साली फ्रँकोने बिनशर्त शरणागतीच मागितली. दुबळ्याशी कोणी वाटाघाटी करत नाही, हे संपाच्या दिवसांत आपणही शिकलो आहोत.

मग वाटाघाटी नकोत काय? तसे मुळीच नाही. संप चालू असतानाही आपण बोलणी सोडत नाही. २२ जुलै २०२२ रोजी, लढाई चालू असतानाच, इस्तंबूलमध्ये धान्य करार झाला. वर्षभरात सुमारे ३.३ कोटी टन धान्य व खाद्यपदार्थ काळ्या समुद्रातून बाहेर पडले. शस्त्र आणि संवाद एकाच वेळी चालू शकतात, याचा हा पुरावा. म्हणून लढणाऱ्या देशाला मदत देणाऱ्यांकडे आपण बोलणीचाही आग्रह धरला पाहिजे. मात्र त्या देशाच्या डोक्यावरून कोणी परस्पर सही करता कामा नये. कामगारांना न विचारता केलेला करार आपण कधी मान्य केला आहे काय?

आणखी एक गोष्ट. ऑगस्ट २०२२ मध्ये युक्रेन सरकारने लहान व मध्यम आस्थापनांतील कामगारांचे संरक्षण कमी करणारा कायदा केला. म्हणजे कामगार आघाडीवर लढत असताना मागे त्याचे हक्क कापले गेले. तेथील संघटनांनी त्याला विरोध केला. आपण त्या जनतेच्या प्रतिकाराला पाठिंबा देतो, त्यांच्या सरकारच्या प्रत्येक कृतीला नव्हे.

आणि कसोटी सर्वांना एकच हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतातील बंदर कामगारांच्या महासंघाने इस्राएलसाठीची शस्त्रे हाताळण्यास नकार दिला. दुसऱ्याच्या भूमीवर चाललेल्या संहारात आपला हात नको, ही त्यामागची भावना. गाझाला एक माप आणि युक्रेनला दुसरे, असे चालणार नाही.

साथींनो, शस्त्रे माणसे मारतात आणि युद्ध लांबले तर अधिक माणसे मरतात, हे मी नाकारत नाही. पण त्या किमतीचा निर्णय ज्यांच्या गावावर तोफा रोखल्या आहेत त्यांनी करायचा; सुरक्षित बसलेल्या तुम्ही-आम्ही नव्हे. आपण त्यांना इतकेच विचारावे: तुम्हाला काय हवे? आणि उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी.

कामगार एकजुटीचा विजय असो!