न दिसणारी दुखापत



आज ज्या खेळाविषयी बोलणार आहे तो आपल्या गावी कोणी खेळत नाही. रग्बी त्याचे नाव. मुंबईत पावसाळ्यात चिखलात माखलेले गडी तो खेळताना तुमच्यापैकी एखाद्याने पाहिले असतील, तेवढेच. पण या देशाशी त्याचे एक जुने नाते आहे. १८७८ साली कलकत्त्यातला इंग्रजांचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढले, ते वितळवले आणि त्यांचा एक प्याला घडवला. त्याच्या मुठी म्हणजे तीन नाग आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता प्याल्यासाठी झुंजतात.

खेळ समजायला अवघड नाही. एका बाजूला पंधरा गडी, लांबट चेंडू, आणि वेळ ८० मिनिटे. चेंडू हातात घेऊन पळायचे. हाताने पुढे फेकायचा नाही, द्यायचा तर मागच्याला. आणि पळणाऱ्याला समोरून, बाजूने धडकून, कवेत घेऊन खाली लोळवायचे. मधूनमधून दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी मान खाली घालून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात. मोठ्या सामन्यात त्या आठांचे वजन मिळून सुमारे नऊ क्विंटल भरते. समोरून तेवढेच वजन येते, आणि हे सगळे ओझे झेलायला पुढच्या रांगेतल्या तिघांच्या माना!

१९९५ पर्यंत या खेळात पगार घेणे नियमाबाहेर होते. कोणी डॉक्टर असे, कोणी शेतकरी, कोणी शिपाई. शनिवारी खेळायचे आणि सोमवारी कामावर जायचे. त्या वर्षी पगाराला मुभा मिळाली आणि खेळ हाच धंदा झाला. मग आठवडाभर सराव, वजने उचलणे, खुराक. मोठ्या देशांच्या संघांत १९५५ साली गड्याचे सरासरी वजन सुमारे ८५ किलो होते, ते २०१५ साली १०५ च्या वर गेले. मैदान तेवढेच राहिले, माणसाचे डोकेही तेवढेच राहिले.

आता एकच चेंडू घेऊन सांगतो. २२ नोव्हेंबर २००३, ऑस्ट्रेलियातले सिडनी शहर, विश्वचषकाचा अंतिम सामना. इंग्लंड १७, ऑस्ट्रेलिया १७. जादा वेळही संपत आलेला. चेंडू रेषेबाहेरून आत फेकायचे काम इंग्लंडच्या स्टीव्ह थॉम्प्सनचे. त्याने तो पार मागच्या टोकाला फेकला. लुईस मूडीने तो उडी मारून झेलला. तिथून दोन-चार हातांतून फिरत तो जॉनी विल्किन्सनकडे आला. विल्किन्सन डावखुऱ्या पायाचा. पण वेळ अशी होती की त्याने उजव्याच पायाने तो खांबांमधून पलीकडे धाडला. २६ सेकंद उरले होते. इंग्लंड जगज्जेते झाले.

आता या तिघांचे पुढे काय झाले ते ऐका.

थॉम्प्सन रेटारेटीतल्या पुढच्या रांगेत मधोमध उभा राहणारा गडी. २००७ साली मानेच्या दुखापतीने त्याला खेळ सोडावा लागला. पुन्हा परतला आणि २०११ मध्ये मानेपायीच कायमचा बाहेर पडला. मान दिसते, तिचे चित्र काढता येते, तिच्यावर शस्त्रक्रिया होते. पण २०२० साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्याने जाहीर केले की आपल्याला स्मृतिभ्रंश जडला आहे. आपल्याकडे ज्याला म्हातारचळ म्हणतात तो आजार, चार मुलांच्या बापाला, भर उमेदीत! बायकोचे नावही कधी कधी आठवत नाही. आणि तो अंतिम सामना? त्याचे चित्रण तो पाहतो, स्वतःला त्यात ओळखतो, पण आपण तिथे होतो हे काही त्याला आठवत नाही. जगातला सगळ्यात मोलाचा चेंडू ज्याच्या हातून सुटला, त्याच्यापाशीच तो उरलेला नाही.

हे होते कसे? विरजलेल्या दह्याचे गाडगे जमिनीवर आपटावेच लागते असे नाही. नुसते जोराने हिसकले तरी आतले दही मोडते. कवटीत मेंदूचे तसेच आहे. डोके कशावर आदळले नाही, पण अंग धावता धावता एकदम थांबले, तरी मेंदू आतल्या आत हिसकला जातो. एकदा झाले तर बहुधा भरून येते. पण असे लहान-मोठे हिसके आठवड्यामागून आठवडे, पंधरा-पंधरा वर्षे बसत राहिले म्हणजे काय होते, ते आता कुठे कळू लागले आहे. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २०२२ साली स्कॉटलंडकडून खेळलेल्या ४१२ जुन्या खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. मेंदू झिजवणाऱ्या आजारांचे प्रमाण त्यांच्यात इतर लोकांच्या सुमारे अडीच पट निघाले. त्यातले बरेचसे तर बिनपगारी जमान्यातले होते.

आपल्या पैलवानांचे कान चुरगळून गोळा झालेले असतात. रग्बीवाल्यांचेही तसेच होतात, आणि दोघेही ते अभिमानाने मिरवतात. कानाचे ठीक आहे, तो दिसतो तरी.

दुसरा गडी लुईस मूडी. अंगावर जाण्यात त्याच्यासारखा कोणी नव्हता. २००७ च्या विश्वचषकात टोंगाविरुद्धच्या सामन्यात दोनदा त्याची शुद्ध हरपली. दोन्ही वेळा उठला आणि खेळत राहिला. तेव्हा त्याचे कौतुक झाले. पोटातल्या आतड्याचा एक चिवट आजार होता, तोही त्याने बराच काळ सोबत्यांपासून लपवला; न जाणो, संघातली जागा जायची. २०२५ च्या ऑक्टोबरात, ४७ व्या वर्षी, त्याने सांगितले की स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात तो आजार आपल्याला झाला आहे. त्यावर उतारा नाही. हा रग्बीमुळेच झाला असे एकट्या मूडीविषयी कोणी डॉक्टर सांगू शकत नाही, मीही सांगत नाही.

तिसरा विल्किन्सन. त्याचे अंग तर मोडलेच: खांदा, दंड, गुडघा, मूत्रपिंड. त्या विजयानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तो इंग्लंडसाठी खेळू शकला नाही. परतला तो २००७ च्या फेब्रुवारीत, आणि तो सामना नेमका कलकत्ता प्याल्याचा! पण त्याचे खरे दुखणे मनाचे. चुकीची धास्ती त्याला लहानपणापासून. तासन्‌तास एकटा चेंडू मारत राहायचा. वाटायचे, एकदा सगळ्यात मोठी गोष्ट साधली की जीव शांत होईल. ती साधली, वयाच्या २४ व्या वर्षी, सगळ्या जगासमोर, आणि शांतता काही आली नाही. उदासी आणि धास्ती यांविषयी पुढे तो स्वतःच मोकळेपणाने बोलला. न्यूझीलंडचा जॉन कर्वन त्याच्याही आधीचा. सहा फुटांहून उंच असा तो धिप्पाड गडी आपल्या देशाच्या लोकांना सांगू लागला की मला नैराश्याने ग्रासले होते, मदत मागायला लाजू नका. तेव्हा कुठे इतरांना तोंड फुटले.

आता तुम्ही विचाराल, दुखत असताना हे बोलले का नाहीत? अहो, ज्याचे पोट अंगावर, तो अंगाची तक्रार कोणाकडे करणार? जागा घ्यायला दुसरा उभाच असतो. बैल लंगडला तर मालकाला दिसते. इथे बैलही तोच आणि मालकही तोच. म्हणून 'ठीक आहेस ना?' हा प्रश्न गड्याला विचारण्यात अर्थ नसतो. तो 'हो'च म्हणणार. शिवाय मेंदूलाच मार बसला असेल तर उत्तर कोण देतो आहे?

मीही हा प्रश्न विचारला आहे. कबड्डीच्या सामन्यात माझ्या शाळेतल्या एका मुलाचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं. उठला. मी विचारलं, "खेळतोस ना रे?" म्हणाला, "हो सर." पाठवला आत. पाच मिनिटांत त्याने मला तीनदा विचारलं, "सर, किती गुण झाले?" मी हसलो. अज्ञानच ते. उत्तर आयर्लंडमध्ये २०११ साली १४ वर्षांचा एक शाळकरी मुलगा रग्बीच्या सामन्यात डोक्याला मार बसल्यावरही खेळत राहिला, पुन्हा मार बसला आणि तो वाचला नाही. कोवळ्या मेंदूला पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर असे होऊ शकते. हे मी वाचले ते फार उशिरा.

मोठ्या रग्बीत आता गड्याला विचारत बसत नाहीत. शंका आली की डॉक्टर त्याला बाहेर घेतो आणि तपासतो. २०२४ पासून दातांवरच्या आवरणात बसवलेले यंत्रही धक्क्याची वर्दी देते. गडी हातवारे करतो, चिडतो, पण निर्णय त्याचा नसतो. आपल्या मैदानावर डॉक्टर कुठला? गळ्यात शिट्टी अडकवलेला एकटा मास्तर असतो. तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, डोक्याला मार बसलेले पोर गोंधळले, तेच तेच विचारू लागले, झोक जाऊ लागले, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला. हरलो तर हरलो. एकटे घरी सोडू नका. उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली किंवा गुंगी येऊ लागली, तर थेट दवाखाना गाठा.

माझा तो मुलगा सुखरूप आहे. आता चांगला बापया झाला आहे. बाजारात भेटतो, वाकून नमस्कार करतो. तो सामना आम्ही दोन गुणांनी जिंकला होता. हे दर वेळी मलाच त्याला सांगावं लागतं. त्याला आठवत नाही.