केडगावच्या छापखान्यातली हिब्रू

सणसवाडीच्या कारखान्यांकडून भीमेपलीकडे दौंड तालुक्यात उतरलं की केडगाव येतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच.

या मिशनमधल्या शिक्षणाची आठवण होते, कारण अमेरिकेत हल्ली ‘क्लासिकल ख्रिस्ती’ शाळांची बरीच चर्चा असते. मुलांची आधी भाषा पक्की करायची, मग तर्क, मग वक्तृत्व. सोबत लॅटिन, आणि या साऱ्याला पाया बायबलचा. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने 1947 साली ही मध्ययुगीन पद्धत नव्याने मांडली. केडगावात ‘क्लासिकल’ हे नाव कुणी घेतलं नाही. प्राचीन भाषांचा ध्यास मात्र होता.

रमाबाई स्वतः घडल्या त्या संस्कृत पाठांतरातून. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, आईने लेकीला. 1889मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन ही मुलींची शाळा काढली, ती पुढे पुण्यात आली. मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून 1893 साली ओरड झाली. अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. त्यांचा राग समजण्यासारखाच होता.

मग 1896-97चा दुष्काळ. मध्य भारतातल्या शेकडो निराधार मुली केडगावला आल्या. वाचन-लेखनाच्या जोडीला शेती, विणकाम, छपाई. अंध मुलींसाठी ब्रेल.

उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बायबल मुळावरून मराठीत आणलं. खिळे जुळवले ते मिशनमधल्या बायकामुलींनीच. संस्कृतप्रचुर मराठी रमाबाईंना सहज जमली असती, पण साध्या बाईला कळेल असंच लिहायचं, हा त्यांचा हट्ट! एप्रिल 1922मध्ये त्या गेल्या. त्याआधी काम हातावेगळं झालं होतं. संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर पडलं.