आत असलेल्याची आठवण ठेवा



शुक्रवारच्या भक्तीनंतर पाळकसाहेबांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "तू आत राहून आला आहेस, तूच बोल." मी काही उपदेशक नाही. मी शटरिंग कारपेंटर. त्यामुळे जसं जमेल तसं सांगतो. तुमचं कोणी इथल्या तुरुंगात असेल, तर त्याचा फोन येईल तेव्हा यातलं थोडं थोडं त्याला सांगा. मुळात हे त्याच्यासाठीच आहे.

माझी गोष्ट आधी थोडक्यात उरकतो. चार महिने पगार थकला होता. मी विचारायला गेलो आणि कामावर जायचं थांबवलं. कंपनीने माझ्यावर ॲबस्कॉन्डिंग लावली, म्हणजे मी पळून गेलो अशी नोंद केली. मी तर कॅम्पातच झोपत होतो! एका तपासणीत बताका दाखवला आणि तिथूनच पोलिसांनी गाडीत बसवलं. एकेचाळीस दिवस कोठडीत काढले. पहिला फोन मिळाला तेव्हा श्रीरामपूरजवळ गावी आईला लावला आणि काय सांगितलं? "मोबाईल बिघडलाय, काळजी करू नको." लाज वाटली हो. गावात लोक म्हणतील, दुबईला गेला आणि जेलात बसला.

आतमध्ये सगळ्यात जड काय असतं, ठाऊक आहे? जेवण नाही, गर्दी नाही. आपल्याला सगळे विसरले, आपलं नाव कुठल्याच कागदावर नाही, असं वाटतं ते. मला रात्री वाटायचं, देवसुद्धा बहुतेक विसरला.

तेव्हा मला योसेफ आठवला. लहानपणी रविवारच्या शाळेत त्याचा रंगीत झगाच फक्त लक्षात राहिला होता. आत बसून विचार केला तेव्हा कळलं, अरे, हा तर आपल्यातलाच! सतराव्या वर्षी घरातून तुटला, परमुलखात विकला गेला, मालकाच्या घरी कामाला लागला. मालकाच्या घरातून खोटी तक्रार झाली आणि मालकाने आपल्या घरच्या माणसावर विश्वास ठेवला. परक्या मजुराचं कोण ऐकणार? गेला तुरुंगात. तिथे राजाच्या प्यालेबरदाराला त्याने धीर दिला, आणि तो सुटणार हे सांगताना एकच मागणं मागितलं : बाहेर गेल्यावर माझी आठवण ठेव, राजाला माझ्याविषयी सांग, मी इथे काही गुन्हा केलेला नाही. प्यालेबरदार बाहेर गेला आणि विसरला. एक-दोन दिवस नाही, पुरी दोन वर्षं!

यातून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली, योसेफाने माणसाकडे मदत मागितली. देव त्याच्याबरोबर होता असं शास्त्र स्पष्ट सांगतं, तरी त्याने मागितली. म्हणजे मदत मागणं हा विश्वासाचा कमीपणा नाही. दुसरी, माणूस विसरला तरी देवाच्या हिशेबातून योसेफ गेला नाही. तीस वर्षांचा असताना तो फारोसमोर उभा होता.

आता आत असलेल्या माझ्या भावा, पुढचं नीट ऐक. पौल आणि सीला यांना फिलिप्पै शहरात चौकशी न करता छड्या मारल्या, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते प्रार्थना करत होते, गाणी गात होते आणि इतर कैदी ऐकत होते. भूकंप झाला, दारं उघडली, हे आपण सगळे सांगतो. पण सकाळी काय झालं ते आपण सांगायचं विसरतो. अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या त्यांना, गुपचूप जाऊ द्या. पौल म्हणाला, नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत. न्याय न करता आम्हाला चारचौघांत मारलं, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले, विनवणी करत आले.

रात्री गाणं गाणारा आणि सकाळी हक्क मागणारा माणूस एकच होता. म्हणून कोणी तुला म्हणालं, "फक्त प्रार्थना कर, कायद्याच्या भानगडीत पडू नको," तर त्याला पौलाची ही सकाळ सांग.

तुझे हक्क कोणते? १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार, परदेशात अटक झाली आणि तू मागणी केलीस, तर विलंब न करता तुझ्या देशाच्या दूतावासाला कळवावं लागतं. दूतावासाच्या माणसाला तुला भेटण्याचा, पत्रव्यवहार करण्याचा अधिकार आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच वाक्य म्हणत राहा : मी भारतीय आहे, माझ्या दूतावासाला कळवा. दुसरं, जो कागद वाचता येत नाही त्यावर सही करायच्या आधी दुभाषी माग. इथे कागद अरबीत असतात. मान खाली घालून केलेली सही पुढे खूप महाग पडते. तिसरं, शिक्षा झालेल्या कैद्याला उरलेली शिक्षा मायदेशात भोगता यावी यासाठी भारत आणि यूएई यांच्यात २०११ साली करार झालेला आहे. त्याला तुझी स्वतःची संमती लागते, दोन्ही सरकारांची मंजुरी लागते, वेळ लागतो. पण असा मार्ग आहे हे माहीत असू दे.

आणखी एक. रमजान, ईद, राष्ट्रीय दिन अशा वेळी इथले राज्यकर्ते काही कैद्यांना माफी देतात. "तुमच्या मुलाचं नाव यादीत घालतो" म्हणून गावाकडे पैसे मागणारे फोन येतात. एक रुपया देऊ नका. माफी विकत मिळत नसते.

आता अवघड गोष्ट बोलतो. सगळेच सुटतात का? नाही. बाप्तिस्मा करणारा योहान हेरोदाच्या तुरुंगात होता. त्याने येशूकडे माणसं पाठवून विचारलं, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? एवढा मोठा संदेष्टा, पण चार भिंतींनी त्यालाही शंका आणली. येशूने त्याला रागे भरलं नाही, उलट लोकांसमोर त्याचा मोठेपणा सांगितला. योहान मात्र त्या तुरुंगातून जिवंत बाहेर आला नाही. म्हणून मी तुला, "विश्वास ठेव, पुढच्या महिन्यात सुटशील," असं खोटं सांगणार नाही. ख्रिस्ती आशा म्हणजे सुटकेची तारीख नव्हे. तारीख पुढे गेली, शंका आली, रडू आलं, तरी तुला ओळखणारा तुला सोडत नाही, ही ती आशा आहे.

आणि ज्याने खरंच गुन्हा केलाय? दारूच्या नशेत मारामारी झाली, पैशाला हात लागला. आपल्यात असेही आहेत, लपवून काय उपयोग? वधस्तंभावरच्या त्या चोराने कबूल केलं की आपल्याला केल्याचं फळ मिळतंय. मग त्याने येशूकडे मागितलं काय? योसेफाने जे मागितलं होतं तेच : माझी आठवण ठेव. प्यालेबरदार निरपराध माणसाला दोन वर्षं विसरला. येशू त्या अपराध्याला त्याच दिवशीही विसरला नाही. भावा, चूक कबूल कर, शिक्षा भोगावी लागली तर भोग, पण मी आता कायमचा वाया गेलो असं म्हणू नको.

आता बाहेर असलेल्यांनो, तुमच्याशी बोलतो. अनेसिफर नावाचा एक माणूस रोममध्ये गेला आणि पौल कुठे कोंडलाय ते शोधत फिरला, सापडेपर्यंत. पौलाच्या साखळीची त्याला लाज वाटली नाही. आपल्याला वाटते! खोलीतला माणूस आत गेला की आपण त्याची खाट दुसऱ्याला देतो आणि विषय बंद करतो.

तर हे करा. त्याचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, कुठल्या ठाण्यात किंवा तुरुंगात आहे आणि केस नंबर, या चार गोष्टी कागदावर लिहा. अबू धाबीतल्या दूतावासाला किंवा दुबईतल्या वाणिज्य दूतावासाला कळवा. गावी घरच्यांना खरं सांगा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर ते तिथूनच तक्रार नोंदवू शकतात. गरजू कामगाराला कायदेशीर मदत आणि परतीचं तिकीट मिळावं म्हणून २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्याबद्दल दूतावासात विचारा. आणि कपडे द्या. हसू नका. पौलाने तुरुंगातून तीमथ्याला लिहिलं तेव्हा राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, हिवाळ्याआधी ये, असं लिहिलं. प्रेषितालासुद्धा थंडी वाजत होती.

मला कोणी शोधलं, सांगू? आपल्या मंडळीतल्या दोघांनी, तिसऱ्या ठाण्यात विचारल्यावर. साबण, टॉवेल, आतले कपडे आणले आणि माझा पासपोर्ट नंबर लिहून नेला. आणि त्याआधी, रत्नागिरीच्या एका मुसलमान भावाने आपल्या फोनकार्डातली मिनिटं मला दिली होती. तो नमाज पढायचा, मी शेजारी बसून हळू आवाजात प्रार्थना करायचो. कोणी कोणाचा धर्म बदलायला गेलं नाही. मुसलमानाला दुसऱ्या धर्मात आणायला जाणं हा इथल्या कायद्याने गुन्हाही आहे. पण देवाने माझी आठवण ठेवली ती त्याच्या हातून, हे मी आयुष्यभर सांगेन.

मी तुरुंगात होतो तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात, असं प्रभू शेवटच्या दिवशी म्हणणार आहे. तो दिवस यायचा तेव्हा येईल. आज जाताना मात्र प्रत्येकाने आत असलेल्या एका माणसाचं नाव कागदावर लिहून खिशात ठेवा, आणि कामाच्या दिवशी एक फोन करा.

भावा, तू आत आहेस. तुझं नाव आमच्याकडे लिहिलेलं आहे.

जय ख्रिस्त.