आधी संगणकात, मग रानात



एसएई इंडिया ही संस्था ‘तिफन’ नावाची स्पर्धा भरवते. नाव आपल्या पेरणीच्या अवजाराचं, उतरतात इंजिनीअरिंगची पोरं. त्यांची कांदा काढणीची यंत्रं राहुरीच्या कृषी विद्यापीठात चालली.

लोखंड कापण्याआधी ही पोरं यंत्र संगणकात उभं करतात. फाळावर किती जोर येईल, सांगाडा कुठं वाकेल, तिथंच कळतं. तिथं मोडलं तर फुकटात मोडलं! पण मातीचा आकडा चुकला की सगळं गणित फसतं. कृष्णाकाठची काळी चिकणमाती आणि माण-खटावचं मुरमाड रान एका आकड्यात बसत नाही.

सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ चं. तिथं, राजारामनगरच्या आरआयटीतही आपलीच पोरं शिकतात. बक्षीस परीक्षक देतील. यंत्र घ्यायचं का, हे आम्ही ठरवणार. सुगीआधी त्यांना बोलवा, ओल्या रानात यंत्र घालू द्या, आणि एकरी खर्च किती, ते तिथंच विचारा.