पात्याचे आयुष्य

सकाळी आरशासमोर उभ्या राहणाऱ्या गृहस्थाच्या मनात एक लहानसा हिशेब नित्य चाललेला असतो. रेझरमध्ये बसवलेले पाते आज आणखी एकदा चालेल, की नवे काढावे लागेल? पाते बोटभर लांबीचे, कागदासारखे पातळ, आणि किमतीने अगदी क्षुल्लक. तरीही ते बदलताना हात आखडतो. ‘अजून एक दिवस निघेल’ अशी स्वतःची समजूत घालून तो ते गालावरून फिरवतो. मग हनुवटीखाली आग होऊ लागते, ओठाच्या कोपऱ्याशी रक्ताचा ठिपका उमटतो, आणि तुरटीचा खडा शोधण्यात कचेरीची वेळ टळून जाते. काटकसर आणि सुख यांचा हा रोजचा तंटा आहे. तो मिटवायचा तर पाते मुळात बोथट का होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या जे उपाय झाले, ते बहुतेक पाते बोथट झाल्यानंतरचे आहेत. खरा उपाय पाते केसाला लागण्यापूर्वीच करावा लागतो.

वस्तऱ्याच्या काळी हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा होता. गावच्या नाभिकाच्या धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, पाण्याची वाटी, निसणा आणि चामड्याचा पट्टा एवढा त्याचा सारा संसार मावत असे. वस्तरा जाड पोलादाचा. त्याची धार अगदीच गेली म्हणजे निसण्यावर लावायची आणि रोजच्या कामासाठी पट्ट्यावर दोनचार हात मारून सरळ करायची. असा वस्तरा वर्षानुवर्षे चाले. बापाचा मुलाच्या हातीही येई. परंतु वस्तऱ्याच्या या दीर्घायुष्यामागे निसण्याखेरीज आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नसे. वाटीतल्या पाण्यात बोटे बुडवून नाभिक गिऱ्हाइकाची दाढी कितीतरी वेळ चोळत बसे. तेवढ्यात गावच्या साऱ्या वार्ता सांगून होत. गिऱ्हाइकाला वाटे, हा गप्पांत वेळ दवडतो आहे. वस्तुतः त्या वेळात केस भिजून मऊ होत असत.

स्वतःची दाढी स्वतः करावी, ही कल्पनाही तशी जुनी आहे. फ्रान्समधील झां-झाक पेरे नावाच्या सुरी-कात्र्या घडवणाऱ्या कारागिराने १७६९ साली याच विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी आडोसा बसवून ते त्वचेत खोल जाणार नाही अशी योजनाही केली. तथापि धार लावण्याची कटकट तशीच राहिली. ती कायमची दूर केली अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याने. बाटलीचे पत्र्याचे बूच शोधून काढणाऱ्या विल्यम पेंटर यांच्या कंपनीत तो काम करीत होता. एकदा वापरली की फेकून द्यावी आणि गिऱ्हाइकाने पुन्हा विकत घ्यायला यावे, अशी एखादी वस्तू शोधून काढ, असा सल्ला पेंटर यांनी त्याला दिला होता. १८९५ साली एका सकाळी दाढी करताना त्याला ती वस्तू सुचली. पातळ पोलादी पट्टीला दोन्ही कडांनी धार द्यायची आणि धार गेली की पट्टीच टाकून द्यायची!

कल्पना सोपी होती, पण इतके पातळ पोलाद वाकडे न होऊ देता कठीण करणे जाणकारांना अशक्य वाटत होते. विल्यम निकरसन या अभियंत्याने अखेर ते साधले. १९०१ साली बॉस्टन येथे कंपनी उभी राहिली आणि १९०३ साली विक्री सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी, १९०४ साली, पेटंट मिळाले. आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना सरकारातर्फे रेझर पुरवले गेले, तेव्हा स्वतःच्या हाताने दाढी करण्याची सवय घरोघर गेली.

अशा रीतीने ज्या वस्तूचा जन्मच फेकून देण्यासाठी झाला, ती टिकवून धरण्याची खटपट तिच्या जन्माबरोबरच सुरू झाली. फेकून देणे हे कष्टाने संसार करणाऱ्या माणसाला सहजासहजी मानवत नाही. काचेच्या पेल्याच्या आतल्या वळणावर बोटाने पाते दाबून पुढेमागे घासायचे, ही युक्ती अनेक देशांत आणि आपल्याकडेही घरोघर माहीत होती. कोणी ते तळहातावर घासत, कोणी जुन्या कातडी पट्ट्यावर, तर कोणी तेलाचे बोट लावून ठेवीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये पात्यांची टंचाई पडली, तेव्हा असल्या युक्त्यांना भलताच भाव आला. या उपायांत त्या काळापुरते तथ्य होते. जुनी पाती साध्या कर्बयुक्त पोलादाची असत. त्यांची धार वापराने किंचित मुडपे, ती काचेवर किंवा कातड्यावर घासल्याने थोडीफार सरळ होई. शिवाय ही पाती पाण्याने झपाट्याने गंजत. कोकणातल्या पावसाळ्यात तर रात्री ठेवलेले पाते सकाळी तांबूस झालेले दिसे. तेव्हा ते पुसून, तेल लावून ठेवणे शहाणपणाचेच होते.

या धडपडीत काही चमत्कारिक समजुतीही निर्माण झाल्या. चेकोस्लोव्हाकियातील कारेल द्रबाल या रेडिओ-अभियंत्याने असा दावा केला की, इजिप्तच्या पिरॅमिडच्या आकाराची पुठ्ठ्याची पेटी करून तिच्यात पाते ठेवले तर ते पुन्हा धारदार होते. आश्चर्य असे की, १९५९ साली त्याला या कल्पनेचे पेटंटही मिळाले! पिरॅमिडच्या आकारात असा काही गुण असल्याचे विज्ञानाने आजवर मान्य केलेले नाही; पण एका पात्यासाठी माणसाची कल्पनाशक्ती कोठवर धाव घेते, याचा हा नमुना ध्यानात राहण्याजोगा आहे.

१९६२ च्या सुमारास या कथेला निराळे वळण लागले. इंग्लंडमधील एका जुन्या तलवारी घडवणाऱ्या कंपनीने न गंजणाऱ्या पोलादाची, धारेवर अतिशय पातळ गुळगुळीत लेप दिलेली पाती बाजारात आणली, आणि एका पात्यावर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वेळा दाढी होऊ लागली. आजची बहुतेक पाती याच जातीची असतात. क्रोमियम मिसळलेले कठीण पोलाद आणि त्यावर घर्षण कमी करणारा लेप, ही त्यांची घडण. पाते बदलले, परंतु सवयी बदलल्या नाहीत. काचेच्या पेल्यावर घासण्याची जुनी युक्ती अशा पात्यावर केली, तर धार सुधारण्याआधी तो लेपच खरवडला जातो. टॉवेलने धार खसाखसा पुसली तरी तेच होते. पूर्वी जो उपाय होता, तोच आता अपाय ठरतो.

मग न गंजणारे हे पाते बोथट होते तरी कशाने? केसासारख्या मऊ वस्तूने पोलादासारखी कठीण वस्तू झिजावी, हे कोडे खरोखर विचार करण्याजोगे आहे. कारण पाते केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० साली या कोड्याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांच्यापैकी एकाने स्वतःचीच दाढी करून, प्रत्येक वेळी पात्याची धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. सर्वांची अपेक्षा अशी की, धार हळूहळू गोलसर होत गेलेली दिसेल. प्रत्यक्षात ती जागोजाग अतिसूक्ष्म टवके उडालेली दिसली. केस धारेशी काटकोनात उभा राहून कापला गेला, तर पात्याला इजा होत नाही. केसाला वाकायला मोकळीक मिळाली, म्हणजे तो कलतो, आणि त्याच्या कडेशी धारेवर आडवा ताण पडतो. नेमक्या त्या ठिकाणी पोलादाच्या कणरचनेत थोडी विषमता असली की टवका निघतो. एक टवका निघाला की त्याच्या शेजारी दुसरा निघणे सोपे होते. पाते एका दिवशी बरे चालते आणि दोन दिवसांत एकाएकी ओढू लागते, हा अनुभव यामुळे समजण्यासारखा होतो.

या उत्तराने नाभिकाच्या वाटीतल्या पाण्याचे महत्त्व पुन्हा एकदा सिद्ध होते. दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो ताठ आणि चिवट असतो. पाणी आत मुरले की तो फुगतो, मऊ होतो आणि कापण्यासाठी पुष्कळच कमी जोर लागतो. मात्र पाणी मुरायला वेळ लागतो. गरम पाण्याला दोनतीन मिनिटे पुरतात. गार पाण्याला अधिक. शिवाय केसावर त्वचेतील तेलाचा पातळ थर असतो, तो साबणाने धुऊन काढल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. स्नानानंतर दाढी केली तर हे सारे आपोआप साधते. परंतु आपल्याकडे पुष्कळ घरांत क्षौर झाल्यावर स्नान करण्याची रीत आहे. ती मोडण्याचे कारण नाही. आधी चेहरा साबणाने धुवावा, ऊन पाण्यात भिजवून पिळलेला पंचा दोन मिनिटे गालांवर धरावा, आणि मग ब्रशने फेस चढवावा. फेसाचे काम मुख्यतः ते पाणी केसांत धरून ठेवण्याचे आणि पात्याला वंगण पुरवण्याचे आहे. फेस वाळू लागला की त्याचा उपयोग संपला. ज्या गावांत पाणी दुष्फेन असते, म्हणजे साबणाचा फेसच होत नाही, तेथे दाढीपुरते तांब्याभर पावसाचे किंवा उकळून निवळलेले पाणी घेतले तर फरक तत्काळ जाणवतो.

पुढचा प्रश्न हाताचा. पाते बोथट झाल्याचा संशय आला की माणूस स्वाभाविकपणे रेझर दाबतो. दाबल्याने त्वचा सोलते आणि धारेवरचा ताण वाढतो, म्हणजे एकाच वेळी दोघांचे नुकसान. रेझरचे स्वतःचे वजन बहुधा पुरेसे असते. हाताने त्याला फक्त वाट दाखवायची. दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्वचा हलकेच ताणली की केस उभे राहतात, आणि उभा केस पात्याला कमी छळतो, असे वरील संशोधनावरून अनुमान करता येते. फटकारे लहान असावेत, प्रथम केसांच्या वाढीच्या दिशेने. दुधारी पात्याच्या दोन्ही कडा आलटून पालटून वापराव्यात. उजव्या हाताच्या सवयीने एकच कड राबते आणि दुसरी कोरी राहते, असे अनेकांच्या बाबतीत घडते. साचलेला फेस दर दोनतीन फटकाऱ्यांनंतर पाण्यात हलवून काढावा, कठड्यावर ठोकून काढू नये.

दाढी झाल्यावर रेझर वाहत्या पाण्यात धुवावा, झटकावा आणि हवेशीर जागी उभा ठेवावा. न्हाणीघराच्या दमट कोनाड्यापेक्षा खिडकीजवळची फळी बरी. न गंजणारे पोलादही साबणाच्या खारट ओलीत सदासर्वदा राहिले तर डागाळते. पाते रोज बाहेर काढून पुसण्याची मात्र आवश्यकता नाही; त्यात धारेला आणि बोटांना सारखाच धोका.

इतकी काळजी घेतली तरी पात्याचे आयुष्य केव्हातरी संपतेच, आणि ते संपल्याचे मान्य करणे हाही काटकसरीचाच भाग आहे. एखाद्याचे पाते चार दिवस चालते, तर एखाद्याचे दहा दिवस. केसांची जाडी, त्यांची दाटी आणि भिजवण्याची सवय यांवर ते अवलंबून. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा खूण ओळखावी. केस कापण्याऐवजी ओढला गेला, एकाच जागेवरून तीनदा फिरवावे लागले, किंवा दाढीनंतर आग होऊ लागली, की पाते बदलावे. ते दुसऱ्याला मात्र कधी देऊ नये, मग तो सख्खा भाऊ का असेना. डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या कणातूनही यकृताला सूज आणणाऱ्या काही रोगांचे विषाणू पसरू शकतात. अनेक केशकर्तनालयांत आता प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नव्या पात्याचा अर्धा तुकडा वस्तऱ्यात बसवतात तो याचसाठी. तो आपल्यासमोर बसवलेला पाहणे, हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

शेवटी टाकून दिलेल्या पात्याचे काय? अमेरिकेतील जुन्या घरांत औषधांच्या कपाटामागे एक अरुंद फट ठेवीत. वापरलेली पाती तीतून भिंतीच्या पोकळीत पडत, आणि घर पाडताना गंजलेल्या पात्यांचा ढीग सापडे. आपल्याकडे पाती भिंतीत न जाता केराच्या टोपलीत जातात, आणि तेथून कोणाच्या तरी उघड्या हातांत. जे पाते आपल्या गालावर चालेनासे झाले, ते केर उपसणाऱ्या बाईचे बोट कापायला अजून पुरेसे धारदार असते. घट्ट झाकणाच्या एखाद्या पत्र्याच्या डबीच्या झाकणाला बारीक चीर पाडून वापरलेली पाती तीत साठवावीत. डबी भरायला कित्येक महिने लागतात. भरली की चिकटपट्टीने बंद करून, आत पाती आहेत असे वर ठळक लिहून, ती ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळी हातात द्यावी.

नाभिकाची ती वाटी आता बहुतेक घरांतून दिसेनाशी झाली आहे. तिच्यातले ऊन पाणी आणि ती दोन मिनिटे मात्र आजही कोणत्याही घरात मिळू शकतात. पात्याचे आयुष्य वाढते ते तेवढ्यानेच, आणि सकाळही सुखाची जाते.