जॉबरची खुर्ची



मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदवी घेऊन तुम्ही बाहेर पडताय. येत्या काही महिन्यांत कुणाला कामावर घ्यायचं, कुणाची रजा मंजूर करायची, कुणाला कायम करायचं आणि कुणाचं नाव यादीतून वगळायचं, हे तुमच्या टेबलावर ठरेल. पंचविशी उलटायच्या आतच कुणाच्या तरी घरची चूल तुमच्या सहीवर अवलंबून असेल. मला आज त्या सहीबद्दल बोलायचं आहे.

तुमच्या आधी हा अधिकार कुणाकडे होता, हे माहीत असायला हवं. मुंबईच्या कापड गिरण्यांत तो जॉबरकडे होता. पहाटे गिरणीच्या फाटकाशी बदली कामगारांची गर्दी व्हायची. त्या दिवशी कोणाला आत घ्यायचं, ते जॉबर ठरवायचा आणि बाकीचे परत खोलीवर जायचे. नोकरी लागली की त्याला दस्तुरी द्यायची. गावाहून परतल्यावर तीच जागा परत हवी असेल, तर पुन्हा द्यायची. अडीनडीला उसने पैसे देणारा पुष्कळदा तोच, चाळीत राहायची सोय लावणाराही तोच. बायकांच्या खात्यात नायकीण असे. जॉबर सगळेच दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. कित्येकांनी आपल्या गावच्या पोरांना हाताला धरून काम शिकवलं. पण माणूस बरा निघाला तर न्याय आणि वाईट निघाला तर अन्याय, अशी ती व्यवस्था होती. आणि दाद मागायची म्हटलं तर तीही पुन्हा त्याच्याकडेच.

या गिरण्यांतून एक नाव पुढे आलं, ते नेतृत्व शिकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले आणि पुढे ‘दीनबंधू’चे संपादक झालेले. 1884मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या पाहा. रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत हातात पडावा. कामावर इजा झाली, तर बरं होईपर्यंत वेतन मिळावं आणि कायमचं अपंगत्व आलं, तर पुढची तजवीज व्हावी. एप्रिल 1890मध्ये सुमारे दहा हजार कामगार सभेला जमले, तिथे दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

मला या निवेदनाचं मोल वाटतं ते आणखी एका कारणाने. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग तुम्ही अभ्यासले आहेत. 1924मध्ये दिव्यांच्या उजेडापासून सुरुवात झाली आणि पुढे वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला मुलाखत घेणारे ठरावीक प्रश्न विचारत. मग त्यांच्या ध्यानात आलं की कामगाराला दुसरंच काही सांगायचं असतं, तेव्हा प्रश्न बाजूला ठेवून ते ऐकू लागले. व्यवस्थापनशास्त्राच्या इतिहासातला तो मोठा क्षण आहेच. पण त्याच्या चाळीस वर्षं आधी मुंबईच्या गिरणगावात कामगारांनी कुणी विचारण्याची वाट न पाहता काय हवं ते लिहून दिलं होतं. त्या कागदातल्या तारखेच्या पगाराची मागणी करणारी माणसं तुम्हाला पहिल्याच नोकरीत भेटतील.

जॉबरच्या हातून भरती आणि बडतर्फी काढून घ्यावी आणि कारखान्यांत कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस 1931मध्ये व्हिटली आयोगाने केली. 1936मध्ये मुंबईत नागपाड्याला समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. 1948च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. तुमच्या व्यवसायाचा आपल्या देशातला एक उगम इथे आहे. कुणाच्या तरी मर्जीवर चालणारा अधिकार नियमाखाली यावा, म्हणून ही खुर्ची तयार झाली.

आता आजचं सांगतो. चाकण भागातल्या एका कारखान्याने मला अधिकाऱ्यांशी बोलायला बोलावलं होतं. विषय होता, कामगारांची कामाबद्दलची आस्था कशी वाढवावी. दुपारी आम्ही कॅन्टीनमध्ये गेलो. कायम कामगारांसाठी स्टीलची ताटं होती आणि कंत्राटी मुलांसाठी निळ्या प्लास्टिकच्या थाळ्या. आमटी एकाच पातेल्यातली. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, ठेकेदाराच्या बिलासाठी मोजणी सोपी पडते. माझ्या शेजारी बसलेला मुलगा तीन वर्षं तेच मशीन चालवत होता. दर अकरा महिन्यांनी ब्रेक, मग नवा गेटपास. नव्या पाससाठी सुपरवायझरला काय द्यावं लागतं, हे त्याने मला खालच्या आवाजात सांगितलं. म्हणजे दस्तुरीच ती. जेवणानंतर सभागृहात प्रेरणेच्या पायऱ्यांवरचं सादरीकरण होतं. मी माझा सगळा वेळ त्या थाळ्यांवर आणि त्या पासवर बोललो.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959मध्ये मांडलेली गोष्ट मला पटते. पगार, सोयी आणि नियम धड नसतील तर माणूस वैतागतो, पण ते धड झाले म्हणून त्याला कामाची ओढ लागतेच असं नाही. ती लागते काम शिकण्यातून, जबाबदारीतून, कुणीतरी दाद देण्यातून. आपल्याकडे मात्र पाया न भरताच वरच्या मजल्याला रंग द्यायची घाई असते. ओव्हरटाइमचा हिशेब तीन महिने अडलेला आणि भिंतीवर ‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ म्हणून फोटो! त्या फोटोतल्या माणसाला सगळं कळत असतं.

म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात काही गोष्टी करा, अशी माझी विनंती आहे. पहिल्या पाळीच्या वेळी गेटवर उभे राहा आणि कुणाला, कोण, कशाच्या आधारावर आत घेतंय ते बघा. ठेकेदाराचं वेतनपत्रक मागून घ्या. ठेकेदाराने पगार दिला नाही, तर तो मूळ मालकाने द्यायचा, हे 1970च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरवून दिलं होतं आणि नव्या श्रमसंहितेतही ही जबाबदारी कायम आहे. ‘तो ठेकेदाराचा माणूस आहे’ या वाक्यावर गप्प बसू नका. भरती संगणकाच्या चाळणीतून होत असेल, तर कोणते अर्ज गळाले आणि का गळाले, हे विचारा. नाकारलेल्या उमेदवाराला कारण कळवा. साहेब लोक नाराज होतील, सुरुवातीला तुम्हाला ‘कामगारांचे वकील’ म्हणतील. म्हणू द्या. तुमचा कागद पक्का असेल, नियम आणि आकडे तोंडपाठ असतील, तर हेच साहेब संपाची नोटीस आल्यावर तुम्हाला बोलावून घेतील, कारण कामगार ज्याच्याशी बोलतील असे तुम्ही एकटेच त्या इमारतीत असाल.

तुम्हा सगळ्यांचं आणि तुमच्या आईवडिलांचं मनःपूर्वक अभिनंदन. पहिला पगार घरी द्याल तेव्हा तुमच्या कारखान्यात झाडू मारणाऱ्या माणसाचा पगार त्या महिन्यात कुठल्या तारखेला झाला, ते वेतन विभागाला विचारून घ्या आणि उशीर झाला असेल, तर त्याच दिवशी ठेकेदाराला फोन लावा.