फेरातली जागा

यंत्रमागांच्या निमित्ताने भिवंडीच्या कामतघर परिसरात स्थायिक झालेल्या तेलुगू पद्मशाली, म्हणजे परंपरेने विणकर असलेल्या, समाजातील स्त्रिया भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत ‘बतुकम्मा’ साजरी करतात. तरवड, कुरडू, झेंडू यांच्या फुलांचा थरांवर थर रचलेला मनोरा मध्ये ठेवून त्याभोवती टाळ्यांच्या ठेक्यावर फेर धरला जातो. अमेरिकी स्क्वेअर डान्सच्या चौकटीला नेमक्या चार जोड्या लागतात, फेराला मात्र संख्येची अट नसते: एकीने गीताची ओळ म्हणावी, इतरजणींनी ती झेलावी, आणि शेजारणीची टाळी पाहता पाहता नवखीचीही पावले जुळावीत, हीच या नृत्याची खरी श्रीमंती होय. मंगळागौरीचे खेळ खेळणाऱ्या मराठी शेजारणींनी कडेला उभे न राहता या फेरात शिरावे, आणि फेरातल्या स्त्रियांनी त्यांना आपुलकीने जागा करून द्यावी.